नायट्रेटचा एकटा आकडा पुरेसा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातील पंचगंगा नदीच्या आणि रंकाळा तलावाच्या पाण्यातील नायट्रेटविषयी वर्तमानपत्रांत वेळोवेळी बातम्या आणि वाचकांची पत्रे येतात. त्यांत बहुधा एकच आकडा दिलेला असतो. पाण्यात नायट्रेट इतके मिलिग्रॅम सापडले, पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणून पाणी चांगले किंवा वाईट, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या आधारावर मला आग्रहाने सांगावेसे वाटते की, हा एकटा आकडा वाचकाला अपुरी माहिती देतो आणि काही वेळा त्याची दिशाभूलही करतो. त्याच्या जोडीला नायट्राइट, अमोनिया आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन हे तीन आकडे छापले गेले पाहिजेत. त्यामागचे कारण जिवाणूंच्या पेशीपटलात बसलेल्या काही प्रथिनांच्या कामात आहे. हे काम मराठीत फारसे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून पत्र थोडे लांबले तरी आपण ते छापावे, ही विनंती.

नायट्रेट येते कुठून, हे आपल्या जिल्ह्यात फार विस्ताराने सांगायला नको. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ते सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर एकरी साडेसात-आठ पोती युरिया होतो. जमिनीतील जिवाणू युरियाचे अमोनियम (अमोनियाचे पाण्यातले विद्युतभारित रूप) करतात, मग त्याचे नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट होते. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो आणि आपल्या काळ्या मातीच्या कणांवरही ऋणभारच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पिकाने न उचललेले नायट्रेट पाटाच्या व पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते, विहिरीत येते, ओढ्याने नदीत उतरते. शहराच्या सांडपाण्यातून येणारे नत्र यात वेगळे मिसळते. इथपर्यंतची गोष्ट शेतकऱ्यालाही ठाऊक असते. पुढे पाण्यातल्या किंवा चिखलातल्या जिवाणूने हे नायट्रेट वापरायचे ठरवले, तर ते त्याच्या पेशीत शिरते कसे, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

जिवाणूची पेशी चरबीसारख्या रेणूंच्या दुहेरी थराने वेढलेली असते. हा थर विद्युतभारित कणांना आरपार जाऊ देत नाही. त्यातच जिवंत पेशीच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे १०० ते २०० मिलिव्होल्टने ऋण असते, आणि नायट्रेटही ऋणच असल्यामुळे त्याला आत जाण्यास मुळातच विरोध होतो. हा फरक १२० मिलिव्होल्टचा धरला आणि नायट्रेटला नुसते एक भोक पाडून दिले, तर आतले प्रमाण बाहेरच्या शंभराव्या हिश्शाच्या वर कधीच जाणार नाही. राजाराम बंधाऱ्याचे बरगे काढले की पाणी उतारावरून आपोआप वाहू लागते, परंतु इथे प्रवाह चढावर न्यायचा असल्याने कुणीतरी ऊर्जा खर्च केल्याशिवाय किंवा बदल्यात काही दिल्याशिवाय तो हलत नाही. जिवाणूंनी यासाठी निरनिराळ्या युक्त्या साधलेल्या आहेत. कोणता जिवाणू कोणती युक्ती वापरतो, यावर पाण्यातल्या नायट्रेटचे पुढे काय होणार हे ठरते.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या आणि सांडपाण्याबरोबर नदीत येणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूपासून सुरुवात करते, कारण त्याच्यावर सर्वांत बारकाईने काम झाले आहे. ऑक्सिजन संपला की हा जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतो, म्हणजे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनऐवजी नायट्रेटच्या पदरात टाकतो आणि त्याचे नायट्राइट करतो. हे काम करणारे मुख्य विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीपटलाला चिकटलेले असले तरी त्याचे मॉलिब्डेनमयुक्त क्रियाकेंद्र पेशीच्या आतल्या बाजूस उघडते. म्हणून नायट्रेट आत आणणे त्याला भागच पडते. त्याच वेळी आत तयार झालेले नायट्राइट पेशीला विषारी असते, ते साठू देऊन चालत नाही. या दोन्ही अडचणी नार-के नावाचे एकच प्रथिन सोडवते. एक नायट्रेट आत घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात एक नायट्राइट बाहेर सोडायचे. दोन्ही कणांवर प्रत्येकी एकच ऋणभार असल्यामुळे या अदलाबदलीत पटलावरचा विद्युतभार जसाच्या तसा राहतो आणि मघाशी सांगितलेला विरोध आड येत नाही. मला स्वतःला ही योजना जीवसृष्टीतल्या अत्यंत सुंदर योजनांपैकी एक वाटते, आणि वर्गात ती सांगताना दरवेळी तोच आनंद झाला आहे.

या प्रथिनाची त्रिमितीय रचना २०१३ मध्ये अमेरिकेतील तामिर गोनेन यांच्या गटाने ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये टोकियो विद्यापीठातील ओसामु नुरेकी यांच्या गटाने त्याच्या हालचालीचे आणखी टप्पे दाखवले. सुमारे साडेचारशे अमिनो आम्लांची ही साखळी पटलातून बारा वेळा आरपार जाते, आणि या बारा सर्पिलांचे, म्हणजे मळसूत्री वेटोळ्यांचे, सहा-सहांचे दोन गठ्ठे समोरासमोर उभे राहतात. दोहोंच्या मधोमध नायट्रेट बसेल एवढीच जागा असते. त्या जागेत साखळीतील ८९ व्या आणि ३०५ व्या क्रमांकाची दोन अर्जिनिने (अर्जिनिन हे एक अमिनो आम्ल) आपल्या धनभारित टोकांनी नायट्रेटच्या ऋणभारित ऑक्सिजनांना धरतात, आणि भोवतालची वलययुक्त अमिनो आम्ले त्या सपाट त्रिकोणी कणाला नीट बसवून घेतात. या दोन अर्जिनिनांपैकी एकाच्या जागी दुसरे अमिनो आम्ल घातले की वहन थांबते. कण बसला की दोन्ही गठ्ठे एकमेकांवर कलतात, बाहेरची फट मिटते आणि आतली उघडते. दोन्ही फटी एकाच वेळी कधीही उघड्या नसतात. अशी आलटून-पालटून उघडण्याची कल्पना ओलेग यार्डेट्स्की यांनी १९६६ मध्येच मांडली होती, प्रत्यक्ष अणूंच्या पातळीवर ती पाहायला मिळाली ती पुढे कित्येक दशकांनी. यातला सर्वांत महत्त्वाचा बारकावा असा की, रिकाम्या अवस्थेत नार-के सहजासहजी कलत नाही. पुन्हा बाहेरच्या बाजूला उघडण्यासाठी त्याला आतून काहीतरी घ्यावेच लागते, आणि ते काहीतरी म्हणजे नायट्राइट.

यावरून एक शंका चाणाक्ष वाचकाच्या मनात आलीच असेल. आत नायट्राइट असल्याशिवाय नायट्रेट येणार नाही आणि नायट्रेट आल्याशिवाय नायट्राइट होणार नाही, तर पहिला कण येतो कसा? पॅराकॉकस डीनायट्रिफिकन्स या मातीतल्या जिवाणूने याचे उत्तर आपल्या प्रथिनाच्या रचनेतच दिले आहे. त्याच्यात या घराण्यातील दोन प्रथिने एकमेकांना जोडली जाऊन चोवीस सर्पिलांचे एक लांब प्रथिन झालेले आढळते. त्याचा पहिला अर्धा भाग प्रोटॉनबरोबर नायट्रेट आत ओढतो, म्हणजे पीटर मिचेल यांनी दाखवून दिलेली पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा (धनभारित हायड्रोजनचा) फरक ऊर्जा म्हणून वापरतो, आणि दुसरा अर्धा भाग नायट्रेट-नायट्राइटची अदलाबदल करतो. पहिल्याने सुरुवात करून द्यायची, दुसऱ्याने काम पुढे चालवायचे. ई. कोलायमध्येही नार-केला नार-यू नावाचा जोडीदार असतो. दोघांचीही जनुके बंद केलेल्या वाणात आतले विकर पूर्ण शाबूत असूनही नायट्रेटवरचे श्वसन जवळजवळ ठप्प होते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. विकर असणे पुरेसे नसते, नायट्रेट पटलापार नेणारे प्रथिन, म्हणजे वाहक, लागतो, याचा याहून थेट पुरावा नाही.

महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने या अदलाबदलीचा परिणाम डोळ्यांनी पाहिलेला असतो. नायट्रेट घातलेल्या पेप्टोनच्या द्रवात जिवाणू वाढवायचे, दुसऱ्या दिवशी त्यात सल्फॅनिलिक आम्लाचे आणि अल्फा-नॅफ्थिलअमाइनचे काही थेंब टाकायचे, की मिनिटाभरात परीक्षानळी लालभडक होते. हा रंग नायट्राइटचा आहे. नळी जरा निरखून पाहिली तर लक्षात येते की, तळाशी बसलेल्या जिवाणूंच्या गाळाइतकाच वरचा द्रवही लाल झालेला असतो. म्हणजेच पेशीच्या आत तयार झालेले नायट्राइट बाहेरच्या द्रवात आलेले आहे. परीक्षेत याचे गुण ‘नायट्रेट क्षपण चाचणी सकारात्मक’ (क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन नायट्रेटचे नायट्राइट करणे) एवढ्यावर मिळतात आणि विद्यार्थी पुढच्या नळीकडे वळतो. नळीत जे घडले तेच ओढ्याच्या तळाशी घडते, आणि तिथे नायट्रेटचा आकडा उतरलेला पाहून आपण पाणी सुधारले असे समजतो. पाणी सुधारले असेलही, कारण डीनायट्रिफिकेशन करणारे जिवाणू नायट्रेटचा शेवटी नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. परंतु तेच नायट्रेट नायट्राइट होऊन पाण्यातच राहिले असेल, किंवा आणखी पुढे जाऊन अमोनिया झाले असेल, तर घटलेला आकडा दिलासा देण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटसाठी लिटरला ५० मिलिग्रॅमची, तर नायट्राइटसाठी अवघ्या ३ मिलिग्रॅमची मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. तान्ह्या बाळाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता प्रत्यक्षात नायट्राइटच बिघडवते.

ऑक्सिजनचा आकडा कशासाठी, तेही सांगते. नार-के तयार करण्याचा हुकूम ई. कोलायमध्ये ऑक्सिजन नसताना आणि नायट्रेट असताना मिळतो. लोह-गंधकाचा गुच्छ असलेले एक नियंत्रक प्रथिन ऑक्सिजनची चाहूल घेते, तर पटलातलेच दुसरे प्रथिन नायट्रेटची खबर देते. पॅराकॉकसमध्ये गोष्ट याच्याही पुढे जाते. वाहक आणि विकर दोन्ही तयार असताना द्रवात ऑक्सिजन सोडला की नायट्रेटचा वापर लगेच थांबतो, आणि ऑक्सिजन संपला की पुन्हा सुरू होतो. तेच पटल फोडून विकराची क्रियाबाजू बाहेर आणली, तर ऑक्सिजन असतानाही नायट्रेटचे क्षपण चालू राहते. याचा अर्थ ऑक्सिजनचा लगाम विकरापेक्षा नायट्रेटच्या प्रवेशावर बसतो. म्हणून खळाळत्या, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यात नायट्रेट मैलोन्मैल तसेच राहू शकते आणि साचलेल्या डोहात किंवा तळच्या चिखलात ते एका रात्रीत नाहीसे होऊ शकते. ऑक्सिजनचे मोजमाप सोबत नसेल, तर या दोन ठिकाणचे नायट्रेटचे आकडे शेजारी ठेवून काहीच अर्थ काढता येत नाही. अपवाद सांगितला पाहिजे, तो असा की ई. कोलायसारख्या अनेक जिवाणूंना आतले आणि बाहेरचे अशी दोन पटले असतात, आणि त्यांपैकी काहींमध्ये दुसरे एक विकर या दोन पटलांच्या मधल्या जागेत असते. तिथपर्यंत नायट्रेट बाहेरच्या पटलातील छिद्रांतून सहज पोहोचते, आतल्या वाहकाची गरज पडत नाही, आणि असे काही जिवाणू ऑक्सिजन असतानाही थोडेफार नायट्रेट वापरतात.

महापुरानंतरच्या उसाच्या शेतालाही हेच लागू पडते. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेकाठचे ऊस कित्येक दिवस पाण्याखाली होते. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरले की तिथला ऑक्सिजन लवकरच संपतो आणि त्यानंतर जिवाणू सर्वप्रथम नायट्रेटकडेच वळतात. पाणी ओसरल्यावर ऊस पिवळा दिसतो, त्यात मुळांच्या गुदमरण्याचा वाटा असतोच, पण घातलेल्या नत्रातला काही भाग नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड या वायूंच्या रूपाने उडून गेलेला असतो, हेही खरे आहे. नायट्रस ऑक्साइडची वातावरण तापवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे.

आता रंकाळ्याकडे येते. पाण्याला हिरवट साय आणणारी नील-हरित शैवाले ही वास्तविक जिवाणूच होत. त्यांना नायट्रेट श्वसनासाठी नको असते, प्रथिने तयार करण्यासाठी नत्र म्हणून हवे असते. त्यांच्यापैकी अनेकांकडे, विशेषतः गोड्या पाण्यातील जातींकडे, चार घटकांचा एक वाहक असतो. नर्ट-ए हे प्रथिन आतल्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून नायट्रेट टिपते, नर्ट-बी पटलातून वाट करून देते, आणि नर्ट-सी व नर्ट-डी आतल्या बाजूने एटीपी हे पेशीचे इंधन खर्च करून ते आत खेचतात. हा वाहक मायक्रोमोलरच्या पातळीवरही काम करतो. एक मायक्रोमोलर म्हणजे लिटरला ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट, आपल्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या सुमारे सातशेव्या हिश्शाइतके. तेव्हा तलावातील नायट्रेट मर्यादेच्या आत आहे म्हणून शैवाल वाढणार नाही, असा धीर कुणी देत असेल तर त्याला आधार नाही. ती मर्यादा माणसाच्या पिण्याची आहे, शैवालाच्या भुकेची नाही. फॉस्फरसचा भागही यात मोठा आहे, पण तो या पत्राचा विषय नाही.

याच वाहकाची आणखी एक बाजू आहे, आणि अमोनियाचा आकडा मी मागते आहे तो तिच्यामुळे. नर्ट-सीच्या टोकाला एक जादा भाग जोडलेला असतो, जो नर्ट-एशी मिळताजुळता आहे. पेशीला अमोनियम मिळू लागले की या भागामार्फत नायट्रेटची आयात थोड्याच वेळात बंद पडते. तेवढा भाग काढून टाकलेल्या वाणात अमोनियम असतानाही नायट्रेट आत येत राहिले, असे प्रयोगात दिसले आहे. याचे कारण सरळ आहे. अमोनियम थेट वापरता येते, नायट्रेटचे मात्र आधी अमोनियम करून घ्यावे लागते आणि त्यासाठी आठ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. सांडपाणी मिसळणाऱ्या तलावात अमोनियम भरपूर असते. तिथे नायट्रेट महिनोनमहिने स्थिर दिसले, तर शैवाल उपाशी आहे असे समजू नये, ते दुसरे नत्र खात आहे आणि हे शिल्लक ठेवत आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पुढे सांडपाणी अडवले आणि अमोनियम घटले, की तेच शैवाल साठलेल्या नायट्रेटकडे वळते. त्या वेळी नायट्रेट घसरले म्हणून योजना फळाला आली असे जाहीर करणे घाईचे ठरेल.

तळी, शेततळी किंवा नाले ‘स्वच्छ’ करण्यासाठी जिवाणूंची द्रवरूप मिश्रणे विकली जातात, त्यांच्याविषयीही याच अंगाने विचारणा व्हायला हवी. जिवाणू नायट्रेट वापरतात हे खरे, म्हणून मिश्रण सरसकट निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या पाण्यात कारंजी आणि हवेचे पंप लावून ऑक्सिजन खेळता ठेवला आहे, त्याच पाण्यात श्वसनासाठी नायट्रेट वापरणारे जिवाणू टाकून नायट्रेट कमी होईल असे सांगितले जात असेल, तर नायट्रेट त्यांच्या पेशीत कोणत्या परिस्थितीत शिरेल, हे विक्रेत्याने समजावून सांगावे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत हवा दिलेली टाकी आणि हवा नसलेली टाकी वेगवेगळ्या ठेवतात आणि दुसऱ्या टाकीत जिवाणूंना इलेक्ट्रॉन पुरवणारे सेंद्रिय अन्नही पोहोचेल अशी व्यवस्था करतात, ते याचमुळे. खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनी हा प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

आपल्याकडे माझी विनंती अगदी मर्यादित आहे. पाण्याचे अहवाल आपण छापता तेव्हा नायट्रेटच्या शेजारी नायट्राइट, अमोनिया आणि विरघळलेला ऑक्सिजन यांचे त्याच ठिकाणचे, त्याच वेळचे आकडे संबंधित यंत्रणेकडून मागून घ्यावेत आणि ते मिळाले नाहीत तर तसे लिहावे. नायट्रेट हा आकडा नायट्रेट म्हणून दिला आहे की नायट्रेटमधील नत्र म्हणून, तेही स्पष्ट असावे, कारण ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र, आणि या गफलतीत आकडा साडेचार पटींनी हलतो. याखेरीज नमुना घेतल्यापासून तपासेपर्यंत किती वेळ गेला आणि बाटली ४ अंश सेल्सिअसला थंड ठेवली होती का, याची नोंद बातमीत आवर्जून द्यावी. घाटावर भरलेली बाटली गाडीत उन्हात राहिली, तर तिच्यातले जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट आत घेऊन नायट्राइट बाहेर सोडू लागतात, आणि प्रयोगशाळेत जे मोजले जाते ते नदीचे पाणी राहत नाही.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (सूक्ष्मजीवशास्त्र),
राजारामपुरी, कोल्हापूर